थॉमसचं शुभवर्तमान आणि योहान: इलेन पेगेल्स यांचा युक्तिवाद कितपत टिकतो?

पैलतीर (धागाकर्ता)

प्रिन्स्टनच्या धर्म-इतिहासाच्या अभ्यासक इलेन पेगेल्स यांचं नाव नाग हम्मादीच्या (इजिप्तमध्ये सापडलेल्या जुन्या ख्रिस्ती) ग्रंथांमुळे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यांचं १९७९ चं 'द नॉस्टिक गॉस्पेल्स' हे पुस्तक गाजलं, पण इथे चर्चा हवी आहे ती २००३ च्या 'बियॉन्ड बिलीफ'मधल्या एकाच मुद्द्याची. याच मुद्द्यावर त्यांनी आधी, १९९९ मध्ये, एक शोधनिबंधही लिहिला होता.

मुद्दा असा. बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी होतो आणि सूर्य चौथ्या दिवशी. मग पहिल्या दिवसाचा तो प्रकाश कुठला? पेगेल्स म्हणतात, थॉमसचं शुभवर्तमान (बायबलबाहेर राहिलेला, येशूच्या वचनांचा संग्रह) आणि बायबलमधलं योहानाचं शुभवर्तमान ही दोन्ही या प्रश्नाची उत्तरं आहेत, आणि ती एकमेकांच्या विरोधात जातात. थॉमसच्या लेखी तो प्रकाश माणसातच आहे, शोधला की सापडतो (वचनं २४, ५०, ७७). योहानाच्या लेखी तो एकट्या येशूत आहे आणि बाकीच्यांना त्याच्यावर विश्वास ठेवूनच मिळतो.

जोडीला त्या थॉमस या व्यक्तीकडे बोट दाखवतात. मत्तय, मार्क, लूक या बायबलमधल्या बाकीच्या तीन शुभवर्तमानांत थॉमस म्हणजे शिष्यांच्या यादीतलं एक नाव, बस. त्याला बोलतं करतो तो योहान, आणि दर वेळी तो काहीतरी न समजलेला किंवा न मानणारा म्हणून येतो (११:१६, १४:५, २०:२४ पासून पुढे). यावरून त्यांचा निष्कर्ष: थॉमसची शिकवण योहानाला माहीत होती, प्रत्यक्ष ग्रंथ हाताशी नसला तरी, आणि ती खोडून काढण्यासाठी त्याने लिहिलं.

हे सिद्ध व्हायला नेमकं काय काय दाखवावं लागेल? कच्चे दुवे कुठे आहेत? वचनांच्या क्रमांकांसह लिहिलंत तर फार बरं.

सोनचाफा

रुमाल टाकून ठेवते. विषय आवडीचा आहे, सविस्तर लिहिते.

शाईचा_डाग

आधी 'थॉमस' म्हणून आपण काय वाचतो ते स्पष्ट करू या. निम्मे वाद तिथेच अडकतात.

संपूर्ण मजकूर एकाच हस्तलिखितात आहे: १९४५ मध्ये वरच्या इजिप्तमध्ये सापडलेल्या नाग हम्मादी संग्रहाचा दुसरा कोडेक्स, म्हणजे पॅपिरसची शिवलेली वही. भाषा कॉप्टिक (इजिप्तमधल्या ख्रिस्त्यांची जुनी भाषा), काळ इसवी सनाचं चौथं शतक. कोडेक्सच्या ३२ व्या पानाच्या दहाव्या ओळीपासून ५१ व्या पानापर्यंत. आधी योहानाचा गुप्तग्रंथ (योहानाचं शुभवर्तमान नव्हे, वेगळा ग्रंथ), नंतर फिलिपचं शुभवर्तमान. नाव सुरुवातीला नाहीच, ते मजकूर संपल्यावर येतं. '११४ वचनं' ही मोजणी आधुनिक संपादकांची आहे, हस्तलिखितात एकही आकडा नाही. वचन कुठे सुरू होतं हे बहुतेक ठिकाणी 'पेजे येसूस जे' (येशू म्हणाला) या शब्दांवरून ओळखायचं. त्यातही येशूचं नाव पूर्ण लिहीत नाहीत, दोन-तीन अक्षरं आणि वर आडवी रेघ.

त्याखेरीज ग्रीकमधले तीन तुकडे, तिन्ही इजिप्तमधल्याच ऑक्सिरिंकस या प्राचीन गावाच्या उकिरड्यातून निघालेले:
पॅपिरस १ (सापडला १८९७ मध्ये): वचनं २६ ते ३३ आणि ७७ चा एक भाग.
पॅपिरस ६५४: प्रस्तावना आणि वचनं १ ते ७. हा जमीनमोजणीच्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिलाय.
पॅपिरस ६५५: वचनं ३६ ते ३९, आणि २४ ची मोजकी अक्षरं.

यातला पॅपिरस १ साधारण इ.स. २०० च्या सुमाराचा धरतात. म्हणजे मूळ ग्रंथ त्याआधीचा, यावर दुमत नाही. किती आधीचा, यावर सगळं भांडण.

एक चूक फार वेळा दिसते म्हणून सांगतो. 'नाग हम्मादीच्या वह्या इ.स. ३४८ नंतरच्या' असं सरसकट लिहितात. त्या तारखा (३४१, ३४६, ३४८) सातव्या कोडेक्सच्या चामडी बांधणीत भर म्हणून कोंबलेल्या रद्दी कागदांवरच्या आहेत. त्यावरून सातव्या वहीची बांधणी कधीच्या आधीची नाही एवढंच कळतं. दुसऱ्या वहीला ती तारीख चिकटवता येत नाही.

बोरू

@शाईचा_डाग, उत्तम. आता याच माहितीवरून पैलतीर यांच्या मुद्द्याची पहिली तपासणी करू.

प्रकाशाची तीन वचनं: २४, ५०, ७७. यातल्या ५० चा ग्रीक पुरावा शून्य. २४ चे ६५५ मध्ये जेमतेम काही अक्षरांचे अवशेष आहेत, त्यात 'प्रकाशमय' आणि 'जगाला' एवढं ओळखू येतं. आणि ७७ ची गोष्ट तर मुळातून वेगळी आहे.

कॉप्टिकमधलं ७७ असं: सगळ्यांवर असलेला प्रकाश मी आहे, सर्व काही मी आहे, सर्व माझ्यातून निघालं आणि सर्व माझ्यापर्यंत पोहोचलं, लाकूड फोड, मी तिथे आहे, दगड उचल, तिथे मी सापडेन.

ग्रीक पॅपिरस १ मध्ये यातला फक्त लाकूड-दगडाचा भाग आहे, तोही ७७ च्या जागी नाही. तो ३० व्या वचनाच्या शेपटाला जोडलाय आणि क्रम उलटा आहे: आधी दगड, मग लाकूड.

हा भाग तिथून इथे का आला? कॉप्टिकमध्ये 'पोहोचणे' आणि 'फोडणे' या दोन्हींना एकच क्रियापद आहे: 'पोह'. (मराठी 'पोहोच'शी नाद जुळतो हा निव्वळ योगायोग.) 'सर्व माझ्यापर्यंत पोह' इथे वाक्य संपतं आणि लगेच पुढचं सुरू होतं: 'पोह लाकूड'. सारख्या शब्दाच्या आधाराने वचनाशेजारी वचन लावायची ही पद्धत थॉमसमध्ये जागोजाग आहे. लाकूड आधी का आलं तेही यातून कळतं, कारण 'पोह' लाकडाला लागतं, दगडाला नाही. ही जोडणी ग्रीकमध्ये जमत नाही. म्हणजे ती कॉप्टिकमध्ये आल्यावर, निदान त्या टप्प्यावर, झालेली.

याचा पेगेल्स यांच्या मांडणीवर थेट परिणाम होतो. 'दैवी प्रकाश लाकडातही आहे आणि दगडाखालीही' हे ७७ चं सुंदर चित्र दोन सुटे तुकडे शेजारी आल्यामुळे तयार झालं. योहानाने पहिल्या शतकाच्या शेवटी या चित्राला उत्तर दिलं असं म्हणायचं तर ते चित्र तेव्हा होतं हे आधी दाखवावं लागेल. उपलब्ध ग्रीक पुरावा त्याच्या उलट जातो.

सोनचाफा

@बोरू, ७७ बद्दल पूर्ण सहमत. पण ७७ काढून टाकलं तरी पेगेल्स यांचा मुद्दा पडत नाही. २४ आणि ५० आपापल्या पायांवर उभी आहेत. २४ मध्ये शिष्य विचारतात, तू आहेस ती जागा आम्हाला दाखव. उत्तर येतं की प्रकाशमय माणसाच्या आत प्रकाश असतो आणि तो सगळ्या जगाला उजळतो. तो उजळला नाही तर अंधार आहे. प्रश्न येशूच्या जागेचा, उत्तर माणसाच्या आतलं.

आता योहान १४ उघडा. तिथेही जागेचाच प्रश्न आहे, आणि विचारणारा कोण? थॉमस! तू कुठे जातोस हे आम्हाला माहीत नाही, मग वाट कशी माहीत असणार? उत्तर: मीच वाट आहे. सारखा प्रश्न, उलट दिशेचं उत्तर, आणि प्रश्न थॉमसच्या तोंडी. हा दुवा ७७ पेक्षा कितीतरी पक्का आहे.

आणि २०:२४ विसरू नका. मत्तय (२८:१६) आणि लूक (२४:३३) अकरा शिष्यांना दर्शन झालं म्हणतात, म्हणजे दगा देणारा यहूदा सोडून सगळे, थॉमसही त्यात आला. योहान मात्र मुद्दाम सांगतो की थॉमस त्या वेळी नव्हता. ज्या वेळी येशू फुंकर घालून पवित्र आत्मा देतो आणि पापक्षमेचा अधिकार देतो, नेमका त्याच वेळी तो गैरहजर. पेगेल्स यांनी यावर बोट ठेवलंय ते उगाच नाही.

उंबरठा

प्रतिवाद दोन, थोडक्यात.

एक, योहान १:९. खरा प्रकाश प्रत्येक माणसाला प्रकाशित करतो असं तिथे म्हटलंय. प्रकाश सर्वांत आहे या मताला उत्तर द्यायला बसलेला लेखक पहिल्याच पानावर हे वाक्य का ठेवेल?

दोन, योहान २०:२८. 'माझा प्रभू आणि माझा देव' ही अख्ख्या ग्रंथातली सर्वांत मोठी कबुली, आणि ती थॉमसच देतो. ज्याला खाली पाडायचं त्याच्या तोंडी कळस कोण ठेवतो?

सोनचाफा

@उंबरठा, दुसऱ्याचं उत्तर आहे. विरोधी गटाच्या आदिपुरुषाला आपल्या बाजूने बोलायला लावणं यापेक्षा मोठा विजय नाही. आणि त्यापुढचं वचन (२०:२९) कबुलीचं कौतुक न करता न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना धन्य म्हणतं.

पहिला आक्षेप मात्र खरोखर जड आहे. त्याला पेगेल्स १:१० आणि १:११ पुढे करतात: जगाने त्याला ओळखलं नाही, स्वकीयांनी स्वीकारलं नाही. म्हणजे प्रकाश आला, पण आतून कुणाला सापडला नाही. मला हे वाचन शक्य वाटतं, अटळ वाटत नाही.

आकाशकंदील

वाचतोय. एक भाबडा प्रश्न. ७७ वाचून आपल्याकडच्या 'जळी स्थळी काष्ठी पाषाणी'ची आठवण होतेच. काष्ठ आणि पाषाण दोन्ही! भारतातून काही गेलं असेल का?

बोरू

@आकाशकंदील, आठवण होणं साहजिक आहे, मराठी वाचकाला तर होणारच. पण संबंध जोडायला तीन गोष्टी लागतात: वाहक, वाट आणि शब्दांतली एखादी अशी खूण जी दोन ठिकाणी आपोआप उगवणार नाही. व्यापाराची वाट होती, अलेक्झांड्रियाला भारत माहीत होता. खूण मात्र नाही. आणि आशयही वेगळा आहे. दगड उचलण्याचं आणि लाकूड फोडण्याचं ते वचन ग्रीकमध्ये 'एकटा असेल तिथे मी त्याच्यासोबत आहे' या बोलण्याला जोडून येतं. काहींच्या मते त्याचा रोख जुन्या करारातल्या 'उपदेशक' या पुस्तकाकडे आहे: त्याचा दहावा अध्याय पाहा, दगड काढणाऱ्याला दगड लागतो, लाकूड फोडणाऱ्याला धोका असतो. म्हणजे कष्टाच्या कामात मी सोबत आहे, इतकाच साधा अर्थही निघू शकतो. चराचराचा विचार ७७ मध्ये प्रकाशाशेजारी आल्यावर दिसू लागतो.

पेगेल्स यांनीही १९७९ मध्ये बौद्ध प्रभावाची शक्यता नोंदवली, पण नुसत्या साम्यावरून प्रभाव सिद्ध होत नाही हेही तिथेच म्हटलं.

वसईचा_वारा

अवांतर: भारताशी थॉमसचा खरा धागा आहे तो दुसऱ्या ग्रंथातून, 'थॉमसची कृत्ये'. सिरियातल्या एडेसाच्या परिसरात, साधारण तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. त्यात थॉमस सुतार म्हणून व्यापाऱ्याला विकला जातो आणि गुंडफर राजाच्या दरबारी येतो. राजा महाल बांधायला पैसे देतो, थॉमस ते गरिबांना वाटून टाकतो. हा राजा खराच होता, गोंडोफेरिस नावाने त्याची नाणी सापडली आहेत.

'यहूदा थॉमस' हे जोडनावही एडेसाकडचंच. शुभवर्तमानाच्या पहिल्या वाक्यात 'दिदिमस यहूदा थॉमस' येतं. दिदिमस म्हणजे ग्रीकमध्ये जुळा, थॉमस म्हणजे अरामीमध्ये जुळा. खरं नाव मधलं, आणि दोन्ही बाजूंना एकच टोपणनाव!

आणि आपल्या बाजूची नोंद: सहाव्या शतकात कोस्मास नावाच्या अलेक्झांड्रियाच्या प्रवाशाने 'कल्लियाना' इथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं लिहिलंय. अनेक जण हे आपलं कल्याण मानतात, सगळे नाही.

शाईचा_डाग

@वसईचा_वारा, छान. पण दोन थॉमस-ग्रंथ मिसळू नयेत. 'कृत्ये' भारताबद्दल आहेत, शुभवर्तमानात भारताचा उल्लेखही नाही.

कात्री

मूळ प्रश्नाकडे. काळाचा निकाल लागल्याशिवाय कोण कोणाला उत्तर देतो हे ठरत नाही. थॉमस उशिराचा असेल, तर योहानाने त्याला उत्तर द्यायचा प्रश्नच उरत नाही. त्यासाठी वापरायची चाचणी सोपी आहे आणि घरी करता येते.

पायरी १. मार्क सर्वांत आधीचा आणि मत्तय, लूक यांनी तो वापरला असं बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा मार्कमध्ये असलेलं आणि मत्तय किंवा लूकने बदललेलं वाक्य घ्या.
पायरी २. त्या दोघांचा स्वतःचा बदल नेमका कोणता ते अधोरेखित करा.
पायरी ३. तोच बदल थॉमसमध्ये आहे का पाहा. असेल, तर थॉमसपर्यंत मत्तय किंवा लूक या ना त्या मार्गाने पोहोचलेला आहे. मार्क आणि थॉमस यांचं नुसतं साम्य इथे चालत नाही, कारण ते दोघांच्या आधीच्या तोंडी परंपरेतूनही येऊ शकतं.

उदाहरण १. मार्क ७:१५: बाहेरून माणसात जाणारं काही त्याला अशुद्ध करत नाही. मत्तय १५:११ मध्ये 'तोंड' येतं: तोंडात जातं ते, तोंडातून निघतं ते. थॉमस १४ मध्येही 'तोंड'.

उदाहरण २. मार्क ६:४: संदेष्ट्याला आपल्या गावाखेरीज इतरत्र मान मिळतो. लूक ४:२४ 'मान' सोडून 'स्वीकारलेला' हा शब्द घेतो, ग्रीकमध्ये 'देक्तोस'. थॉमस ३१ मध्ये 'देक्तोस'.

उदाहरण ३, माझ्या मते सर्वांत बोलकं. निदणाचा दाखला, थॉमस ५७. वैरी रात्री येऊन चांगल्या बियाण्यात तण पेरतो. मग 'त्या माणसाने त्यांना तण उपटू दिलं नाही, तो त्यांना म्हणाला...' 'त्यांना' म्हणजे कोणाला? गोष्टीत तोवर दुसरं कोणीच आलेलं नाही. मत्तय १३:२७ मध्ये नोकर येऊन विचारतात. थॉमसने गोष्ट आवळताना नोकर गाळले, पण 'त्यांना' तसंच राहिलं. मार्क गुडेकर या अभ्यासकाने २०१२ मध्ये अशा गळालेल्या मधल्या भागांची यादीच मांडली.

सोनचाफा

@कात्री, उदाहरण १ आणि ३ फक्त कॉप्टिकमध्ये आहेत, हे लक्षात घ्यायला हवं. नकलकाराला मत्तय जवळजवळ पाठ असणार. नक्कल करताना किंवा भाषांतर करताना हात ओळखीच्या शब्दाकडे वळतो. चौथ्या शतकातल्या प्रतीत 'तोंड' आलं म्हणून पहिल्या लेखकाने मत्तय वाचला होता असं ठरत नाही.

कात्री

@सोनचाफा, म्हणूनच उदाहरण २ महत्त्वाचं. 'देक्तोस' पॅपिरस १ मध्ये ग्रीकमध्येच आहे. कॉप्टिक नकलकाराचा तिथे काही संबंध नाही. उदाहरण १ बद्दल तुमचा आक्षेप मान्य. ३ बद्दल नाही. नकलकाराचा हात शब्द ओळखीचा करतो, तो नोकर गाळून गोष्ट तुटकी करत नाही.

उंबरठा

+१. पण एका शब्दावरून अख्ख्या ग्रंथाचा काळही ठरत नाही. हा वचनांचा संग्रह आहे, त्यात भर पडत गेली असणार. एप्रिल डिकॉनिक या अभ्यासक बाईंची मांडणी तीच आहे: आधी छोटा गाभा, मग थर. तेव्हा ३१ उशिराचं आणि २४ लवकरचं, हे एकाच वेळी खरं असू शकतं.

कात्री

असू शकतं. पण मग कुठलं वचन कुठल्या थरातलं हे ठरवायला बाहेरची खूण हवी. 'हे मला हवं म्हणून जुनं' असं होऊ लागलं की चाचणी संपली.

निळा_पारवा

शब्दांच्या पातळीवरची तपासणी किती लांब जाऊ शकते याचं याच ग्रंथातलं उदाहरण देतो. सप्टेंबर २०१२ मध्ये रोममधल्या कॉप्टिक परिषदेत हार्वर्डच्या कॅरन किंग यांनी 'येशूच्या पत्नीचं शुभवर्तमान' म्हणून ओळखला गेलेला तुकडा मांडला. साधारण ४ बाय ८ सेंटिमीटर. २०१४ च्या चाचण्यांत पॅपिरस खरोखर जुना निघाला, शाईही जुन्या पद्धतीची काजळीची. कोरा जुना पॅपिरस मिळवता येतो आणि काजळीची शाई आजही करता येते, त्यामुळे या दोन चाचण्या पास होणं म्हणजे मजकूर खरा असणं नव्हे.

तुकड्यातली शब्दजोडणी जवळजवळ सगळी थॉमसमधून उचललेली होती. पहिली ओळ थॉमस १०१ मधली, 'माझ्या आईने मला जीवन दिलं', पण कर्माआधी लागणारं 'म' अक्षर गायब. इंटरनेटवर थॉमसची कॉप्टिक-इंग्रजी प्रत आहे, तिच्या २००२ च्या पीडीएफमध्ये नेमकं त्याच जागी तेच 'म' छापायचं राहिलं होतं. त्याच्यासोबत आलेला योहानाचा तुकडा १९२४ च्या एका छापील आवृत्तीतली एकाआड एक ओळ घेऊन बनवलेला निघाला. २०१६ मध्ये किंग यांनीही तो बहुधा बनावट असल्याचं मान्य केलं.

सोनचाफा

किंग यांचं ज्ञानवादाच्या (इंग्रजीत 'नॉस्टिसिझम', गूढ ज्ञानाने मुक्ती मानणारे म्हणून सांगितले जाणारे सुरुवातीचे ख्रिस्ती गट) व्याख्येवरचं २००३ चं काम त्याने बाद होत नाही, हेही इथे लिहून ठेवते. 'ज्ञानवाद' नावाची एकसंध चळवळ नव्हती, ते लेबल दुसऱ्या शतकातला बिशप इरेनियस याच्यासारख्या विरोधकांच्या यादीतून आलं, ही त्यांची आणि त्याआधी १९९६ मध्ये मायकेल विल्यम्स यांची मांडणी आज अनेकांनी उचलली आहे. १९७९ च्या पेगेल्स वाचताना ते लेबल जरा सैल हाताने घ्यावं.

पैलतीर

सगळ्यांचे आभार, धागा अपेक्षेपेक्षा खोल गेला. एक शंका राहिली. योहान १:५. प्रकाश अंधारात चमकतो आणि अंधाराने त्याला... पुढचं क्रियापद 'कातेलाबेन'. पेगेल्स यांच्या वाचनात त्याचा अर्थ महत्त्वाचा आहे. 'समजून घेतलं नाही' की 'मात केली नाही'?

बोरू

दोन्ही. मूळ अर्थ पकडणे, हातात घेणे. त्यातून 'ताब्यात घेणे' आणि 'मनाने पकडणे' असे दोन फाटे. बहुतेक भाषांत भाषांतरकाराला एक निवडावा लागतो. मराठीत मात्र एक शब्द दोन्ही पेलतो: आकळणे. जुन्या मराठीत आकळणे म्हणजे आवळून धरणे, ताब्यात आणणे, आणि समजणेही. 'अंधाराला तो आकळला नाही' यात दोन्ही अर्थ जिवंत राहतात. पेगेल्स यांना 'समजला नाही' या बाजूचा उपयोग जास्त आहे, कारण मग प्रकाश आत असूनही माणसाला तो आपणहून कळत नाही असा अर्थ निघतो, आणि तो थॉमस २४ च्या बरोबर उलट पडतो.

पैलतीर

वा, आकळणे! हे डोक्यात आलंच नव्हतं. मी आता तक्ता करायला घेतो: एका स्तंभात थॉमस २४, ५०, ७७, दुसऱ्यात योहान १, १४, २०.

शाईचा_डाग

तीन स्तंभ करा. कॉप्टिक आणि ग्रीक वेगळे ठेवा. ग्रीकच्या स्तंभात ५० समोर रिकामी जागा सोडा, २४ समोर उरलेली अक्षरंच लिहा, चौकटी कंसात संपादकांनी भरलेली नकोत. ७७ समोर लाकूड-दगड लिहाल तेव्हा बाजूला '३० नंतर' अशी खूण करा. दुसऱ्या कोडेक्सच्या पानांचे फोटो क्लेरमाँटच्या डिजिटल संग्रहात फुकट पाहता येतात. ३२ वं पान उघडलं की वरच्या भागात आधीच्या ग्रंथाचा शेवट दिसेल. तिथून खाली दहाव्या ओळीपासून मोजायला लागा.

आकाशकंदील

वाचनखूण साठवली. तक्ता झाला की इथेच टाका.